कडू पिशवी

सील सोलताना वडिलांनी माझा हात धरला होता:
इथे जपून. ही हिरवी पिशवी फुटली
तर आख्खं काळीज कडू होईल.
मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून
माझ्या सुरीने एकही फोडलेली नाही.

तुपार्नाक जन्मली नोव्हेंबरात,
सूर्य शेवटचा दिसला त्या आठवड्यात.
नाव डोंगरातल्या रानओव्याचं.
दोन महिने दिव्याखाली वाढली,
आणि दिव्याखाली आम्ही सगळेच पिवळे:
मी, बोलेट्टे, पडदे, दुधाची बाटली.
जानेवारीत सूर्य आला. सगळा गाव टेकडीवर.
बोलेट्टेने तिला उजेडाकडे उचललं
आणि लगेच खाली घेतलं.
डोळे बघ, म्हणाली.
बाकी सगळ्यांचं पिवळेपण उतरलं होतं.

नर्सने लंगोट उघडला.
शी पांढुरकी, भिजल्या खडूसारखी.
असं किती दिवस?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
आम्हाला वाटलं होतं, नुसत्या दुधावरचं मूल, असंच असणार.

बोलेट्टेच्या आईची एक बहीण अशीच गेली होती,
दीड वर्षाची, अंग ओरबाडून.
चर्चच्या वहीत कारण लिहिलंय: अशक्तपणा.

कोपनहेगनची डॉक्टर चांगली बाई. नकाशा बघून आली होती.
म्हणाली, समजा तुमची खाडी गोठली आहे,
पित्ताला वाट नाही, ते मागे तुंबतं, रक्तात शिरतं...
मी म्हणालो, खाडी जुलैत फुटते.
ती थांबली.
मग कागदावर साधं एक दार काढलं.
हे उघडत नाही, म्हणाली. अर्धं बिघडलेपण तुमच्याकडून,
अर्धं आईकडून, आणि दोष कुणाचाच नाही.
मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.
अजून आहे.

थेंब: अ, ड, ई, के. पित्त नाही तर अन्नातून हे अंगी लागत नाहीत.
के नसेल तर रक्त थांबत नाही,
ते आम्ही तिच्या नाकातून शिकलो, हेलिकॉप्टरची वाट बघत.
अ ऐकून मला हसू आलं.
अस्वलाच्या यकृतात तो इतका असतो
की ते आम्ही समुद्रात फेकतो, कुत्र्यांच्या नजरेआड.
आणि इथे मोजून सहा थेंब, चमच्यात,
वेगळ्या तेलाबरोबर, जे पित्तावाचूनही पचतं.

पण खाज.
खाजेबद्दल कुणी नीट सांगितलं नव्हतं.
पुरळ नाही, चावा नाही, आतूनच येते.
नखं कापली, हातांवर मोजे चढवले,
ती हनुवटीने खांदा घासायची.
उन्हाळ्यात सूर्य मावळेना, तर मी खिडकीवर कातडं ठोकून
तिच्यासाठी रात्र बनवली.
त्या बनवलेल्या रात्रीत ती जास्तच ओरबाडली.
कातडं मी पहाटे उपटलं, खिळ्यांसकट.
औषधाने थोडं कमी झालं. थोडंच.

तिसऱ्या वर्षी पोट उघडलं.
पित्ताला बाहेर वाट काढली, कातडीतून,
आणि बाहेर चिकटवली एक पिशवी.
नर्स मला दाखवायला लागली, कशी सोडायची,
भोवतीची कातडी कशी कोरडी ठेवायची,
किती भरलं ते वहीत कसं लिहायचं.
मी म्हणालो, द्या.
माझ्या बोटांना ती ओळखीची होती. तोच हिरवा. तसाच वास.
बोलेट्टे खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

अकराव्या रात्री ती सलग झोपली.
आम्ही दोघं जागेच, सवयीने.

पुढचं कुणी सांगत नाही.
कदाचित एक दिवस दुसऱ्याचं यकृत लागेल.
डॉक्टर कदाचित म्हणते, मीही कदाचित म्हणतो,
आणि वर्षातून दोनदा रक्त द्यायला विमानाने जातो.

काल सील आणला. ती शेजारी उकिडवी बसली,
सदरा वर करून, आपली पिशवी धरून.
याला पण आहे?
आहे. आत.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग याला खाजत नसेल, म्हणाली,
आणि काळजाचा तुकडा मागितला, गरम असताना.
मी एक छोटा दिला. वहीत लिहिला.